सुटा भाग अजून आलेला नाही

झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीच्या कडेवर एकाच जागी पितळ चकाकत होतं. जागा तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी. भिंगाखाली धरल्यावर तिथे बारीक ओरखडे दिसले, सगळे एकाच दिशेने, आतून बाहेर घसरत गेलेले. कड कुठे फाटलेली नव्हती, वाकलेलीही नव्हती.

या फरकाला माझ्या कामात महत्त्व आहे. सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये मागेपुढे सरकणाऱ्या बोल्टच्या तोंडाशी एक पोलादी नख असतं. गोळी सुटली की बोल्ट मागे येतो आणि येताना ते नख पुंगळीची कड धरून तिला चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीतून, ओढून काढतं. नखाला कडेवर दाबून ठेवते ती त्याच्याखालची एक स्प्रिंग, वाटाण्याहून लहान. पुंगळी चेंबरमध्ये चिकटून बसली असेल आणि नखाची पकड पक्की असेल, तर नख कडेचा तुकडाच तोडून आणतं. इथे तसं झालं नव्हतं. पुंगळी सहज निघाली असती. नख घसरलं होतं, कारण स्प्रिंगमध्ये दाब उरला नव्हता.

रायफल हार्लन ओयेन यांची. मार्चच्या सुरुवातीला ते ती घोड्याच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून आमच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात घेऊन आले आणि काउंटरवर ठेवून म्हणाले, "अडकलीय. मी काढायला गेलो नाही."

माझ्या नवऱ्याने, एल्डनने, ब्लँकेट उघडलं आणि तो हळूच एक पाऊल मागे सरला. बोल्ट अर्धवट उघडा होता. चेंबरमध्ये रिकामी पुंगळी तशीच होती आणि तिच्या बुडाला टोक टेकवून एक जिवंत काडतूस तिरकं रुतलं होतं. एल्डनने नळी भिंतीकडे वळवली. या गावातल्या निम्म्या लोकांना शिकारीचा परवाना काढण्याआधी हार्लननीच चर्चच्या तळघरात बसवून धडे दिलेत. मलाही दिले. पहिल्या दिवशी त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: भरलेली बंदूक कुठल्याच दारातून आत आणायची नाही, स्वतःच्या घराच्यासुद्धा.

मी ती मागच्या खोलीत नेऊन मोकळी केली. काडतुसं भरायचं मॅगझीन रिकामं होतं. म्हणजे मुळात दोनच काडतुसं भरलेली होती. एक सुटलं, दुसरं अडकलं.

बाहेर येऊन मी विचारलं, कशावर झाडली.

"बर्डीवर," ते म्हणाले. बर्डी त्यांची कुत्री. "कंबर गेली होती तिची. गोठ्यात नेलं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वारा काही पडत नाही बघ."

मी म्हटलं, नाही पडत.

कुत्री म्हातारी झाली की तिला गोठ्यामागे नेणं इकडे नवीन नाही. ते काम ज्याचं त्याने करायचं, डॉक्टरकडे न्यायचं नाही, असं जुनी माणसं मानतात. पण हातभर अंतरावरच्या जनावरासाठी हार्लनना दुसऱ्या गोळीची गरज कधी पडली नाही. आणि बाहेर पडताना मॅगझीन भरून घ्यायची त्यांची सवय होती, कारण कोल्हे एकेकटे येत नाहीत.

हे मी एल्डनला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एक जास्तीचं कुणीही बरोबर घेतो, प्रोफेसरीणबाई."

त्याचं बरोबर होतं. रायफल दुसरं काडतूस आपणहून ओढून घेते. ते अडकायला माणसाला काहीच करावं लागत नाही. अडकलेल्या काडतुसावरून कुणाच्या मनातलं काही सिद्ध होत नाही. मी धातुशास्त्र शिकले, लग्नाआधी तांब्याच्या कारखान्यात तुटलेले भाग तपासायची नोकरी केली. तिथे पहिली शिकवण हीच होती की तुटलेल्या तुकड्याने सांगितलंय तेवढंच लिहायचं. या पुंगळीने सांगितलं होतं, स्प्रिंग मऊ पडली आहे. बाकी काही नाही.

दोन दिवसांनी मार्ला आली, हार्लनची मुलगी. शेत पोखरणाऱ्या गोफरसाठी काडतुसांची पेटी हवी म्हणाली. मार्चमध्ये गोफर अजून बिळातून बाहेरही आलेले नसतात. मी पेटी काढून दिली. तिने ती हातात घेतली आणि तशीच उभी राहिली. एल्डन कॉफी आणायच्या निमित्ताने आत गेला.

मग ती बोलली, पेटीवरचा मजकूर वाचत असल्यासारखी. आई गेल्यापासून बाबांनी आवराआवर सुरू केली आहे. आईचे कपडे चर्चला दिले, ते ठीक. पण स्वतःचं खोगीर शेजारच्या स्टेनरूडला दिलं. गाई विकल्या, त्याही फेब्रुवारीत, सगळ्या गाभण असताना. व्यायला महिना राहिलेल्या गाई कोण विकतं? बर्डीला डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या, उन्हाळा आरामात काढेल म्हणाला होता. गोळ्यांची बाटली उघडलेलीसुद्धा नव्हती. बाबांना बळेच दवाखान्यात नेलं, तर तिथे त्यांनी सांगितलं की झोप छान लागते, भूक छान लागते, आणि डॉक्टरला त्याच्या गाडीचे टायर बदलायचा सल्ला देऊन आले.

"घरातल्या बाकीच्या बंदुका रॉयने आणल्यात," ती म्हणाली. रॉय तिचा नवरा. "आमच्याकडे कोल्हे फार झालेत म्हणून सांगितलं. त्यांनी दिल्या, काही बोलले नाहीत. ही गोठ्यात होती, आम्हाला माहीत नव्हती."

मी काडतुसांचं कपाट लावून घेतलं.

"तुला कामाला वेळ लागू दे, सिग्ने. एवढंच."

मी म्हटलं, "सुटा भाग मागवावा लागेल."

ती पेटी काउंटरवरच ठेवून गेली.

इकडे हे असंच चालतं. पाऊस, वारा, गव्हाचं पीक, कापणीयंत्राची साखळी यांवर माणसं तासन्‌तास बोलतील. एखादं माणूस स्वतः कसं आहे, हे मात्र कुणी त्याच्या तोंडावर विचारत नाही. तो त्याचा अपमान समजतात. एल्डन लहान असतानाच त्याचा थोरला काका बंदूक साफ करताना गेला. स्टेनरूडचा भाऊ बंदूक साफ करताना गेला. प्रत्येक घरात एक तरी असा आहे, आणि प्रत्येक वेळी चर्चमध्ये, मयताच्या जेवणात, वर्तमानपत्रात तेच वाक्य असतं. माझा धंदाच बंदुका साफ करण्याचा आहे. भरलेली बंदूक कुणी साफ करत नाही. हे मलाच काय, त्या जेवणात बटाट्याचं सॅलड वाढून घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

स्प्रिंग का मऊ पडली, हे शोधायला मला फार वेळ लागला नाही. तिच्या आत रबराचा एक छोटा गुटका असतो, स्प्रिंगला आधार द्यायला. हार्लन रायफल ट्रॅक्टरच्या डिझेलने धूत. इकडचे बरेच जुने लोक तेच करतात, पिंप दारातच असतं. मी त्यांना किती वेळा सांगितलं होतं की डिझेलने रबर फुगतं आणि सडतं. ते हसून म्हणायचे, "कॉलेजात जाऊन आलीस आणि माझ्या डिझेलला नावं ठेवतेस, पोरी? माझा ट्रॅक्टर तुझ्या वयाचा आहे आणि तेच पिऊन चालतो." गुटका बाहेर काढला तेव्हा तो भिजलेल्या पावासारखा चिमटीत चुरला. वेटोळीही दमलेली होती. नव्या स्प्रिंगशेजारी उभी केली तर बोटाच्या नखाच्या जाडीएवढी बुटकी भरत होती.

गोठ्यातली थंडी, डिझेलने सडलेलं रबर आणि दमलेलं पोलाद. ते कशामुळे वाचले असतील तर एवढ्याने. हे वाक्य मी मनात केलं आणि लगेच खोडलं, कारण त्याला पुरावा नव्हता. पण ते पुन्हा पुन्हा येत राहिलं.

नवी स्प्रिंग अर्थातच माझ्या ड्रॉवरमध्ये होती. ही स्प्रिंग सगळ्याच दुकानांत असते. मी नेहमी तपासते तशी सगळी रायफल तपासली, चेंबर साफ केलं, एक वेटोळं जास्त असलेली आणि काळ्या, कडक रबराची स्प्रिंग निवडली आणि बसवली. नेमबाजीच्या रेंजवर जाऊन झाडून पाहिली. पुंगळ्या उजव्या हाताला, एकाच जागी, एकीवर एक पडल्या. रायफल पुसून तिजोरीत ठेवली.

माझा हात कामाला का लागला, ते मलाही नीट सांगता येत नाही. बिघडलेली वस्तू टेबलावर तशी ठेवून मला झोप लागत नाही, एवढं खरं.

हार्लन दर आठवड्याला येऊ लागले. मी सांगायचे, स्प्रिंग मागवलीय, भाग आलेला नाही. ते मान हलवायचे, एल्डनशी चार गोष्टी बोलायचे आणि जायचे. दाढी केलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. एकदा म्हणाले की व्हर्नाने लावलेली रुबार्बची भाजी वर आली, घराच्या दक्षिणेला, बर्फ अजून बाजूला असताना. व्हर्ना त्यांची गेलेली बायको. ते थांबले. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. मी विचारलं, यंदा बर्फ लवकर वितळला का. ते म्हणाले, हो, लवकरच. आणि टोपी घातली.

त्या दिवशी जेवताना एल्डन माझ्याशी भांडला. आवाज न चढवता भांडतो तो.

तो म्हणाला, वस्तू त्यांची आहे. दुरुस्त झालेली वस्तू तू कोंडून ठेवली आहेस. उद्या गावात कळलं, तर कोण आपल्याकडे बंदूक टाकेल? मी म्हटलं, न टाकोत. तो म्हणाला, आणि समजा तुझी शंका खोटी असली तर? ज्या माणसाने तुला नेम धरायला शिकवलं, त्याला तू वेडा ठरवते आहेस. मी म्हटलं, खोटी असली तर एका माणसाला थोडे दिवस रायफलविना काढावे लागतील. खरी असली तर काय, ते तूच सांग.

तो बशीतलं मांस कापत राहिला.

"त्यांना काही म्हणायचं असेल तर ते म्हणतील," तो शेवटी म्हणाला.

"तुझा काका म्हणाला होता?"

यावर तो उठला, बशी धुतली आणि दुकानात जाऊन दिवा लावून बसला. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घेतला नाही. रात्री त्याने मला एवढंच विचारलं की भाग आला नाही, आला नाही असं किती दिवस चालवणार आहेस. मी म्हटलं, माहीत नाही. ते खरं होतं. हार्लनशी बोलायचं, हे मी पहिल्या आठवड्यातच ठरवलं होतं. मग दर आठवड्याला ते पुढच्या आठवड्यावर ढकलत होते. खोटं बोलणं सोपं जात होतं, कारण ते सुट्या भागाबद्दल होतं.

एप्रिलच्या मध्यावर ते सकाळीच आले. एल्डन काउंटरवर होता, मी व्हाइसच्या पकडीत कुणाचीतरी शॉटगन धरून बसले होते. हार्लननी टोपी काढली, कोटाच्या खिशातून तीन छोट्या प्लास्टिकच्या पुड्या काढल्या आणि काउंटरवर एका ओळीत मांडल्या.

"तुमचा टपालवाला काही चांगला दिसत नाही," ते म्हणाले. "माझा चांगला आहे. चार दिवसांत आणून दिल्या."

एल्डनने माझ्याकडे पाहिलं. मी हात पुसत पुढे आले.

तिन्हींत स्प्रिंगाच होत्या. त्यांनी कॅटलॉग बघून फोनवर मागवल्या होत्या. एक साधी, मूळची असते तशी. दुसरी मी बसवली होती तीच, जास्तीचं वेटोळं आणि काळं रबर. तिसरीबरोबर एक जाड रबरी कडंही होतं, स्प्रिंगच्या भोवतीने बसवायचं. दाब जवळजवळ दुपटीने वाढतो.

"यातली सगळ्यात जोरदार कुठली?" त्यांनी विचारलं.

"ही, कडंवाली."

"मग ही घाल."

मी सांगू लागले. त्यांनी प्रश्न विचारला होता आणि मला त्याचं उत्तर येत होतं, म्हणून सांगू लागले. म्हटलं, तुमच्या नळीच्या लांबीला एवढा दाब नको. पुंगळी जरा चिकटली तर नख कड फाडून आणेल आणि पुंगळी आतच राहील. बोल्ट बंद करायलाही जोर लागेल. शिवाय नखावर सतत ताण राहतो, त्याला मुळाशी बारीक भेग पडते आणि एक दिवस ते तुटतं. कोल्ह्यांसाठी मधली घ्या, थंडीतही चालेल.

ते लक्ष देऊन ऐकत होते. धडे देताना मुलांचं ऐकायचे तसे, मान किंचित वाकवून.

"नख तुटायला किती गोळ्या लागतील?"

"सांगता येत नाही. काही शे, कदाचित हजार."

"तेवढ्या लागणार नाहीत मला," ते म्हणाले, आणि बोटाने कडंवाली पुडी माझ्याकडे सरकवली.

एल्डन मागे कॉफी ढवळत होता. त्याचा चमचा थांबला.

हार्लनच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. आपण काही बोलून गेलो, असंही त्यांना वाटलं नसावं. त्यांच्या दृष्टीने तो साधा हिशेब होता. गाई विकल्या, खोगीर दिलं, कुत्री संपवली. त्याच क्रमाने त्यांनी हेही सांगितलं होतं.

"गाई तर विकल्या तुम्ही," एल्डन म्हणाला. त्याचा आवाज विचित्र झाला होता. "कोल्हे कशाला मारायचेत?"

"कोल्ह्यांचं मी कुठे म्हणालो? ही म्हणाली." ते किंचित हसले. "बसवायला किती वेळ लागतो, पोरी?"

"पाच मिनिटं."

"मग बसव. मी थांबतो." खिडकीजवळच्या स्टुलावर ते बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली.

मी तिसरी पुडी उचलून मागच्या खोलीत गेले. तिजोरी उघडली. रायफल तिथे उभी होती, तेल पुसलेली, व्यवस्थित. मी बोल्ट बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. नख अंगठ्याने दाबून पाहिलं. चांगलं दाबून परत येत होतं.

माझ्यापुढे काय काय होतं, ते मी एकेक करून पाहिलं. फायरिंग पिनला भेग आहे म्हणून सांगता आलं असतं. चेंबर गंजलंय, नळी कारखान्यात पाठवावी लागेल, त्याला तर तीन महिने सहज गेले असते. रायफलला सुटे भाग पुष्कळ असतात आणि त्यातला प्रत्येक कधी ना कधी यायचा राहू शकतो. त्यांनी तो प्रत्येक भाग टपालाने मागवून खिशातून आणला असता. किंवा मागवला नसता, स्टेनरूडकडे गेले असते आणि कोल्ह्यांसाठी बंदूक मागितली असती, आणि स्टेनरूडने काही न विचारता दिली असती. मग चर्चमध्ये तेच वाक्य. मी पुढच्या बाकावर बसून ते ऐकलं असतं आणि नंतर तळघरात जाऊन मार्लाच्या ताटात काहीतरी वाढलं असतं.

दुकानामागच्या रुळांवरून मालगाडी जात होती. ती लांब असते, सगळं दुकान हलतं, ड्रॉवरमधले स्क्रू वाजतात. मी ती संपेपर्यंत थांबले.

एल्डन दाराशी येऊन उभा राहिला. मला वाटलं तो म्हणेल, देऊन टाक. त्याचे डोळे लाल झाले होते. त्याने बोल्ट उचलून तिजोरीत ठेवला, दार लावलं, किल्ली फिरवली आणि किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात टाकली. मग मला वाट देण्यासाठी बाजूला झाला.

मी बाहेर गेले. हार्लननी माझे हात रिकामे पाहिले.

"काय झालं?"

मी दुसरं स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. एवढ्या जवळ मी त्यांच्या कधी बसले नव्हते. दाढी करताना हनुवटीखाली एक पट्टा राहून गेला होता.

"स्प्रिंग पहिल्याच आठवड्यात बसवलीय मी," मी म्हटलं. "भाग घरातच होता. मी खोटं सांगत होते."

"हो," ते म्हणाले. "अंदाज होता." टोपी गुडघ्यावरून उचलत, "मग दे ना ती."

"नाही, हार्लन. रायफल चांगली चालते. तुम्ही तिने स्वतःला मारणार आहात, म्हणून मी ती तुम्हाला देणार नाही."